ताटावरचा रुमाल

ऑक्टोबर हा वसईत जपमाळेचा महिना. संध्याकाळी साडेसात वाजले की निर्मळ, नंदाखाल, भुईगाव, गास या पट्ट्यातल्या आळ्यांमध्ये कुणाच्या ना कुणाच्या ओटीवर चपलांचा ढीग दिसू लागतो. ज्या घराची पाळी, त्या घरात मरियेच्या मूर्तीपुढे मेणबत्ती, दोनचार चाफ्याची फुलं आणि जमिनीवर चटया. बायका भिंतीला टेकून, पुरुष दाराशी, पोरं जागा मिळेल तिथं. पन्नास वेळा ‘नमो मरिया’ म्हणून होईपर्यंत निम्मी पोरं पेंगलेली असतात. मग आतून टोप येतो आणि ती एकदम जागी होतात.

निर्मळजवळच्या एका घरातल्या टोपात त्या दिवशी उकडलेले चणे होते. मीठ, ओल्या खोबऱ्याचे काप, बाकी काही नाही. लाल चौकड्यांचं लुगडं नेसलेल्या, सत्तरी ओलांडलेल्या आजी पळीनं चणे वाढत होत्या आणि लोक ते ओंजळीत घेत होते. शेजारी नवी इमारत उभी राहते आहे. तिथला उत्तर प्रदेशी वॉचमन फाटकाशी येऊन थांबला होता. प्रार्थनेला तो येत नाही, पण चण्यांच्या वेळी त्याला हाक जाते.

“त्याचा वाटा धरूनच भिजत घालते,” आजी म्हणाल्या.

पण किती माणसं येतील हे आधी कसं कळतं?

“कळायचं कशाला? एक मापटं जास्त टाकायचं. उरले तर उद्या उसळ.”

ख्रिस्ती समाज आणि दान असं म्हटलं की शाळा, दवाखाने, अनाथाश्रम डोळ्यांपुढे येतात. केडगावात पंडिता रमाबाईंनी दुष्काळातून आणलेल्या मुलींसाठी उभं केलेलं मुक्ती सदन येतं. ही मोठ्या इमारतींची, पाट्या लावलेली कामं आहेत आणि त्यांचं मोल कुणी नाकारत नाही. पण महाराष्ट्र-गोव्यातल्या ख्रिस्ती घरांत रोजचं देणंघेणं चालतं ते बहुतेक स्वयंपाकघराच्या मागच्या दारानं. त्यावर पाटी नसते. उलट ते झाकून कसं द्यायचं, याच्याच तऱ्हा फार.

क्रुसापाशी

चण्यांचा हा टोप जुना आहे. मुंबईत १८९६ साली प्लेग शिरला. घरं रिकामी झाली, अंत्ययात्रांना खांदेकरी मिळेनात. त्या दिवसांत वांद्रे आणि आसपासच्या गावठाणांतल्या लोकांनी नाक्यानाक्यावर, आळीच्या तोंडाशी क्रूस उभारले. साथ टळावी म्हणून तिथं जमून प्रार्थना व्हायची. साथ गेली, क्रूस राहिले. आज त्यातले काही रुंद झालेल्या रस्त्याच्या कडेला अंग चोरून उभे आहेत. मे महिन्यात त्यांना रंग लागतो, झेंडूच्या माळा चढतात, आळीतले लोक प्रार्थनेला जमतात आणि शेवटी चणे वाटले जातात. गोव्यातही लादाईन (घरी किंवा क्रुसापाशी होणारी सामूहिक प्रार्थना) संपली की उकडलेले चणे येतातच. थोरल्यांसाठी सोबत फेणीचा घोट, पण तो विषय वेगळा.

चणेच का? याचं उत्तर भक्तीत शोधण्यापेक्षा व्यवहारात लवकर सापडतं. किलोभर सुके चणे रात्रभर भिजून उकडले की दुपटीहून अधिक भरतात. त्यांना ताटली लागत नाही, चमचा लागत नाही. शुक्रवारी मांस वर्ज्य असतं, तेव्हाही ते चालतात. आणि आणखी एक गोष्ट कुणी बोलून दाखवत नाही: चण्यांत श्रीमंती दाखवायला वाव नाही. बिर्याणी म्हटली की या घरची कशी आणि त्या घरची कशी हे सुरू होतं. चणे इथून तिथून सारखेच. ज्याच्या घरी अडचण आहे तोही मान खाली न घालता आपली पाळी निभावून नेतो.

या गावठाणांतले लोक स्वतःला ईस्ट इंडियन म्हणवतात. मुंबई, साष्टी, ठाणे, वसई इथले ते मूळचे रहिवासी. घरची बोली मराठी, तीही आपापल्या वळणाची. गोव्याहून नोकरीसाठी येणाऱ्या ख्रिस्ती मंडळींपेक्षा आपण वेगळे ओळखू यावं म्हणून १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या सुवर्णमहोत्सवाचं निमित्त साधून, त्यांनी हे नाव घेतलं. वसईतले सामवेदी, वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती त्यांचे शेजारी आणि कधी सोयरे, पण प्रत्येकाची बोली, लुगड्याची तऱ्हा आणि मसाला वेगळा.

ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी याच लोकांचा आगेरा असतो, नव्या भाताचा सण. गोराई-उत्तनच्या बाजूला अजून हिरवं रान दिसतं. ज्या गावठाणात आता पेरायला वाफासुद्धा उरलेला नाही, तिथं भाताच्या लोंब्या बाहेरून आणाव्या लागतात. त्या वाजतगाजत चर्चमध्ये नेतात, फादर त्यांना आशीर्वाद देतात आणि प्रत्येक घर दोनचार लोंब्या घेऊन परततं. शेत गेलं, पण नव्या दाण्यातला पहिला वाटा आपला नव्हे ही सवय मागे राहिली.

विहिरीतला पाव

वसईच्या ख्रिस्ती लोकांबद्दल मराठी घरांत एक गोष्ट हमखास सांगितली जाते. पोर्तुगीजांनी गावच्या विहिरीत पाव टाकला, लोक नकळत ते पाणी प्याले, आणि सारा गाव बाटला. पोर्तुगीज वसईत १५३४ ते १७३९ असे दोनशेहून अधिक वर्षं होते. एवढ्या काळातली धर्मांतरं एका पावात मावणार नाहीत. सक्ती होती, सवलतींचं आमिष होतं, आणि खरी श्रद्धाही होती. तरी ही गोष्ट टिकली, कारण तिच्यात एक खरी खूण आहे. पाणी प्यालेल्या माणसाला घरात परत घेणारं कुणी नव्हतं. गोष्टीत नाव पावाचं येतं, पण माणसं तोडली ती पंगतीनं.

म्हणूनच पुढे या समाजात कुणाच्या हातचं खाल्लं, कुणी कुणाला वाढलं, याला इतका अर्थ आला असावा.

मराठी बायबलात मात्र पाव नाही. भाषांतरकारांनी येशूच्या हाती भाकर दिली आणि ती तिथं अशी रुळली की आता दुसरा शब्द सुचत नाही. रोजच्या प्रार्थनेत भाकर मागायची. डोंगरावर पाच हजारांना वाटल्या गेल्या त्याही भाकरीच, आणि योहानाच्या शुभवर्तमानात त्या एका मुलाच्या शिदोरीतल्या जवाच्या आहेत. जव त्या मुलखात गरिबाचं धान्य. ज्वारी-नाचणी खाणाऱ्या माणसाला यातलं काही समजावून सांगावं लागत नाही.

गंमत अशी की चर्चच्या वेदीवर ही भाकर चालत नाही. मिस्सेत, म्हणजे चर्चमधल्या मुख्य उपासनेत, दिली जाणारी ओस्ती फक्त गव्हाची हवी, ताजी हवी, त्यात दुसरं काही मिसळलेलं नको, असा कॅथॉलिक चर्चचा कायदा आहे. म्हणजे भात, नाचणी आणि ज्वारीच्या या प्रदेशात सर्वांत पवित्र घास तेवढा गव्हाचा. तो करण्याइतकं सोपं मात्र जगात काही नसेल: पीठ आणि पाणी, ना मीठ, ना खमीर. पातळ पीठ दोन तापलेल्या लोखंडी पाट्यांमध्ये दाबायचं, पापुद्रा निघाला की त्यातून गोल चकत्या कापायच्या. हे काम बरेचदा मठातल्या सिस्टर करतात, आणि कापून उरलेल्या कडा कुरुमकुरुम खायला आसपासची पोरं टपून असतात. त्या कडांवर प्रार्थना झालेली नसते, म्हणून त्या खाल्ल्या तरी चालतात.

करंजी आणि नेवरी

वसईतल्या पापडीला राहणाऱ्या एका निवृत्त शिक्षिकेकडे विणलेल्या रुमालांची एक थप्पी आहे. पांढरे, क्रोशाच्या सुईनं विणलेले, कडेला वेगवेगळ्या नक्षीचे. नाताळच्या आधी घरात फराळ होतो (इथं आणि नगर-जालन्याच्या प्रॉटेस्टंट घरांतही त्याला फराळच म्हणतात), त्याची ताटं शेजारीपाजारी जातात आणि प्रत्येक ताटावर असा एक रुमाल असतो. “ताट कुणाकडून आलं हे रुमालावरून कळतं. आत काय आहे ते मात्र घरात नेईपर्यंत कळत नाही,” असं त्या म्हणतात, आणि त्यातलं दुसरं वाक्य जास्त महत्त्वाचं आहे. भरभरून पाठवणारी आणि हात आखडता घेऊन पाठवणारी, दोघींची ताटं रस्त्यावरून जाताना सारखीच दिसतात.

ताटात नेवऱ्या असतात, म्हणजे करंज्याच. साचा तोच, कातणं तेच, सारण तेच खोबऱ्याचं. मग कलकल. मैदा, नारळाचं दूध आणि साखर मळून सुपारीएवढी गोळी घ्यायची, काट्याच्या पाठीवर किंवा नव्या कंगव्यावर दाबून पसरायची आणि गुंडाळायची. तळली की शिंपल्यासारखी दिसते. कामात कौशल्य फारसं नाही, पण हात पुष्कळ लागतात. त्यामुळे नाताळच्या आधीच्या आठवड्यात रात्री जेवणं उरकली की अख्खं घर टेबलाभोवती बसतं आणि शेजारची पोरंही पकडून आणली जातात. ईस्ट इंडियन घरांत रवा, बदाम आणि खोबऱ्याचं थाळी स्वीट भाजलं जातं. गोव्यात चणाडाळ-खोबऱ्याचं दोस, भाजलेल्या तांदळाचं आणि गुळाचं पिनाग. बेबिंका नावाजलेली खरी, पण ती थरावर थर भाजत बसायला वेळ आणि अंडी दोन्ही फार लागतात. गरीब घराचं काम पिनागावर भागतं.

गोव्यात या ताटाला पोर्तुगीज नावच चिकटलं, कोन्सोआदा. मूळ शब्द नाताळच्या आदल्या रात्री उपास सोडताना घ्यायच्या जेवणाचा. गोव्यात तो जेवणावरून सरकला आणि शेजाऱ्याच्या दारात जाऊन बसला.

या ताटाचे नियम कुठं लिहिलेले नाहीत, पण सगळ्यांना पाठ आहेत. ज्या घरात वर्षभरात मरण झालं, तिथं गोडधोड करत नाहीत. त्यामुळे त्या घरी शेजाऱ्यांनी पाठवायचंच, आणि परतीची वाट पाहायची नाही. दिवाळीत सुतकाच्या घरी फराळ पोचवणाऱ्या कुठल्याही मराठी बाईला हे नवं वाटणार नाही. एरवी रिकामं ताट परत करायचं नाही. काहीच नसेल तर मूठभर साखर. झाडावरची चार लिंबंही चालतात.

आणि ज्या घरी खरंच ओढ आहे, तिथं? शिक्षिकाबाई थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “तिथं आधी काहीतरी मागायला जायचं. कढीलिंब मागायचा, नाहीतर त्यांची किसणी. दुसऱ्या दिवशी किसणी परत करताना ताट न्यायचं. मग ते आपल्याला दिलेलं वाटत नाही, फेडलेलं वाटतं.”

पितरांच्या जागी

गोव्यातल्या कॅथॉलिक घरांत लग्नाच्या आधी एक जेवण होई, काही घरांत अजून होतं. त्याला म्हणतात ‘भिकाऱ्यांचं जेवण’. नाव कानाला टोचतं. त्या जेवणात काय होतं ते पाहिलं की ते थोडं कमी टोचतं, पण पूर्ण बोथट होत नाही.

लग्नघरी सोयरे-धायरे जमायच्या आधी, घरातल्या मेलेल्या माणसांची आठवण म्हणून, गावातल्या गरिबांना जेवायला बोलावतात. जेवण साधं, पण ठरलेलं: भात, समाराची कोडी (सुकी सुंगटं आणि आंबोशी घातलेली आमटी), मासे, भाजी आणि शेवटी वण, म्हणजे चणाडाळ, गूळ आणि नारळाच्या रसाची खीर. वाढायचं घरच्यांनीच, नोकरांनी नाही. ज्या बाईच्या पोराचं लग्न आहे तिनं वाकून वाढायचं. कारण पंक्तीला बसलेली माणसं त्या दिवशी आजोबा-पणजोबांच्या जागी असतात. ती पोट भरून उठली की पितर तृप्त झाले, आता लग्नाचं पुढे चालू द्या.

श्राद्धाच्या पानाशी याचं नातं आहे हे सांगायला मानववंशशास्त्रज्ञ नको. धर्म बदलला तरी मेलेल्यांना जेवू घालायची गरज बदलली नाही. कावळ्याच्या आणि ब्राह्मणाच्या जागी भुकेलं माणूस आलं एवढंच. हा बदल मोठा की छोटा, हे ज्यानं त्यानं ठरवावं. पण पितर म्हणून ज्याला पानावर बसवलं, त्याला आठवड्यानंतरच्या लग्नात मांडवात खुर्ची मिळाली का, हा प्रश्न उरतोच. गोव्याच्या चर्चमध्ये जाती विरघळल्या नाहीत हे सगळ्यांना माहीत आहे. वसईतही सामवेदी, वाडवळ आणि कोळी ख्रिस्ती एकाच वेदीपुढे गुडघे टेकत, पण लग्नं आपापल्यात करत. ताटं सगळीकडे जात, मुली जात नसत. हे आता सैल झालं आहे, तेही अलीकडे.

आजकाल जेवायला बोलावण्याजोगी माणसं गावात सापडत नाहीत, अशी तक्रार काही घरी ऐकू येते. (तक्रार करावी अशी ही गोष्ट आहे का?) मग भाताचं आणि कोडीचं टोपलं-पातेलं गाडीत घालून वृद्धाश्रमात नेतात. तिथं वाढायला नवरा मुलगा जातो, कधी नवरीही.

पिशवीत गेलेला हात

झाकून देण्याची रीत संस्थेनंही उचलली आहे. कॅथॉलिक धर्मग्रामांत (पॅरिशमध्ये) सेंट व्हिन्सेंट डी पॉल सोसायटीचे गट असतात. फ्रेडरिक ओझानाम या विद्यार्थ्यानं पॅरिसमध्ये १८३३ साली, वयाच्या विसाव्या वर्षी, चारदोन मित्रांना घेऊन ती सुरू केली. ‘तुमचं चर्च गरिबांसाठी आज काय करतं?’ असं कुणी टोमण्यात विचारलं, त्यावर हे पोरगे काय करावं ते न कळून जळाऊ लाकडं घेऊन एका घरी गेले, अशी तिची सुरुवात सांगतात. कामाची पद्धत आजही जवळपास तीच. गरजू माणसाला कचेरीत बोलवायचं नाही, त्याच्या घरी जायचं, दोघांनी मिळून जायचं, बसायचं, दिला तर चहा प्यायचा. गटाच्या बैठकीत शेवटी एक कापडी पिशवी फिरते. प्रत्येक जण मूठ बंद करून हात आत घालतो आणि बाहेर काढतो. कुणी शंभर टाकले, कुणी दहा, आणि कुणी नुसतीच मूठ घातली, हे कुणालाच कळत नाही. ज्याला स्वतःलाच या महिन्यात मदत लागणार आहे, त्याचाही हात पिशवीत जातो. उजव्या हातानं दिलेलं डाव्याला कळू नये ही शिकवण चर्चमध्ये वर्षातून एकदोनदा कानावर पडते; शिंप्यानं ती शिवून ठेवलेली इथं दिसते.

चर्चच्या दाराशी संत अंतोनीच्या नावाची पेटीही असते. तिचं नाव ‘अंतोनीची भाकर’. आत नोटा पडतात, पण नाव भाकरीचंच राहिलं.

राखेच्या बुधवारपासून ईस्टरपर्यंतचा उपवासकाळ हा या देण्याचा हंगाम. राखेच्या बुधवारी आणि गुड फ्रायडेला अठरा ते एकोणसाठ वयाच्या धडधाकट माणसानं एकच पोटभर जेवण घ्यायचं आणि मांस टाळायचं, हा नियम सगळीकडे सारखा. घरोघरी त्याच्यावर आपापली कलमं चढतात. कुणी चाळीस दिवस मासळी सोडतो. वसईसारख्या गावी हे सोपं नाही. कुणी दारू सोडतो, आणि मग बायको ईस्टर आणखी दोन महिने पुढे जावा अशी प्रार्थना करते. जे वाचेल ते द्यायचं असतं. मोजून वाचवलेलं देणं हे उरलेलं देण्यापेक्षा वेगळं पडतं, कारण त्याची चव तोंडाला लागलेली असते. नसलेल्या सुरमईची आठवण माणूस चाळीस दिवस काढतो.

पैशाचे मोठे व्यवहार वसईत ताटापासून पूर्वीच वेगळे झाले. मॉन्सिन्योर पी. जे. मोनीस यांनी १९१८ मध्ये पापडीला पतपेढी काढली, तीच आजची बॅसीन कॅथॉलिक सहकारी बँक. सावकाराच्या दारात जाणाऱ्या माणसाला त्यातून दुसरं दार मिळालं. कर्ज बँकेतून, जेवण शेजारून.

झाकून देण्याची ही सवय २०२० च्या टाळेबंदीत कसाला लागली. मे महिन्यात श्रमिक गाड्यांसाठी वसईच्या मैदानावर हजारोंची गर्दी उन्हात बसली होती. तेव्हा डबे, पाण्याच्या बाटल्या, केळी घेऊन धावणाऱ्यांत सगळ्याच धर्मांची माणसं होती. फोटोही सगळ्यांनीच काढले. किराण्याची पिशवी अर्धी देणाऱ्याच्या आणि अर्धी घेणाऱ्याच्या हातात, दोघांचे डोळे कॅमेऱ्याकडे. एका धर्मग्रामात काही तरुणांनी पिशव्या रात्री दाराबाहेर ठेवून यायला सुरुवात केली. थोरल्यांपैकी एकानं हिशेबासाठी फोटो मागितला, तेव्हा त्यांनी नुसत्या पिशव्यांचा काढून दिला.

एक अंडं, आठ गिऱ्हाइकं

नगरकडे, म्हणजे आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, ख्रिस्ती जीवनाचा नूर वेगळा. इथं अमेरिकन मराठी मिशन १८३१ पासून आहे, लोक बरेचसे प्रॉटेस्टंट, आणि बहुतेकांचे पूर्वज गावकुसाबाहेरचे. या प्रॉटेस्टंटांकडे मूर्ती नाही, जपमाळ नाही; मंडळी, पाळकसाहेब, उपासना, भजनं. पीक घरात आलं की हंगामाचा सण येतो.

त्या रविवारी एका छोट्या गावातल्या चर्चमध्ये वेदीपुढे बाजार मांडल्यासारखं दिसत होतं. बाजरीची कणसं, भुईमुगाच्या शेंगा, दोन भोपळे, वांगी, मेथीच्या जुड्या, पाय बांधलेला एक गावठी कोंबडा (त्यानं प्रवचनात दोनदा हरकत घेतली), स्टीलच्या डब्यात लाडू, आणि एका म्हातारीनं पदराखालून काढून ठेवलेलं एकच अंडं. उपासना संपली, सगळे अंगणात आले आणि लिलाव सुरू झाला.

बाजारभावाचा इथं काही संबंध नसतो. मेथीची जुडी दीडशेला गेली. कोंबड्यावरून दोन चुलतभावांत चढाओढ लागली. मग अंडं. पहिली बोली दहा रुपये. घेणाऱ्यानं पैसे टाकले आणि अंडं परत टेबलावर ठेवलं: “पुन्हा लावा.” वीस. पुन्हा टेबलावर. आठ जणांनी ते विकत घेतलं आणि सात जणांनी परत केलं. आठवा एक शाळकरी पोरगा होता, त्याला खरंच हवं होतं. अंडं आणणारी म्हातारी भिंतीला टेकून बसली होती आणि प्रत्येक बोलीला मान हलवत होती, एखाद्या मोठ्या दात्याच्या रुबाबात. तो रुबाब तिला शोभत होता. त्या दिवशी तिच्याइतकी रक्कम कुणाच्याच वस्तूनं आणली नाही.

मग प्रीतिभोजन. शब्द बायबलातला आहे, पहिल्या ख्रिस्ती मंडळ्या एकत्र जेवत त्याचा. इथं घरटी मापभर तांदूळ आणि वर्गणी गोळा होते, चुलाण्यावर भात आणि रस्सा शिजतो, आणि शाळेच्या पडवीत पंगत बसते. ज्यांच्या आजोबांना गावच्या पंक्तीत पान नव्हतं, त्यांच्या नातवंडांना ही पंगत नुसती सहल वाटत असेल. आजोबांना ती काय वाटली असेल याची कल्पना करायला लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ उघडावी. त्यांचे पती नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाई पुढे त्यांच्याकडे आल्या तरी आपलं सोवळं आणि आपलं पाणी वेगळं सांभाळून होत्या. ते सुटत कसं गेलं, हे त्यांनी स्वतःची थट्टा करत सांगितलं आहे. त्यांच्यासाठी धर्मांतराची सर्वांत अवघड पायरी प्रवचनात नव्हती, दुसऱ्याच्या हातच्या पाण्याच्या तांब्यात होती. एकदा तो तांब्या ओठाला लागला, आणि मग त्याच घरात कुणाकुणाची पोरं येऊन जेवू लागली.

फुगे, शंभराच्या हिशेबात

वसईत परत आलं की सगळं इतकं सरळ उरलेलं नाही हेही दिसतं. पूर्वी लग्नाच्या पहाटे आळीतल्या बाया फुगे तळायला जमत. मैदा, अंडी, नारळाचं दूध, फुगवायला ताडी. पीठ मुठीत घेऊन अंगठा आणि तर्जनीच्या फटीतून गोळा दाबून काढायचा आणि कढत तेलात सोडायचा. मुठी दुखू लागल्या की दुसरीनं बसायचं. आता फुगे शंभराच्या हिशेबात मागवले जातात, ताडीच्या जागी यीस्ट आलं आहे. एप्रिल-मेमध्ये गच्चीवर मसाले वाळत, कांडणाऱ्या बाया मुसळ घेऊन घरी येत, वीस-पंचवीस जिन्नसांचा बॉटल मसाला ठासून बिअरच्या काळपट बाटल्यांत भरला जाई (उजेड लागला तर रंग उडतो), आणि पहिल्या बाटल्या बहिणींकडे, लेकींकडे जात. आता तोच मसाला घरगुती ऑर्डरीनं कॅनडापर्यंत जातो. करणाऱ्या बाईच्या हाती त्यातून पैसे येतात, आणि ती ते पुन्हा फुकट वाटणाऱ्या दिवसांसाठी हळहळत नाही. हळहळतात ते खाणारे.

मरणाच्या घरी मात्र अजून ऑर्डर देत नाहीत. गेल्या महिन्यात निर्मळच्या आजींच्या आळीत एकजण गेला. तीन दिवस त्या घरात चूल पेटली नाही. सकाळचा चहा एका घरातून, पेज दुसऱ्या, रात्रीचं जेवण तिसऱ्या. कोण काय आणणार याची बैठक झाली नव्हती. भांडी ओटीवर ठेवून माणसं मागच्या मागे निघून जात होती. आठवडाभरानं त्या घरच्या सुनेनं सगळी भांडी घासून मांडली आणि कुठलं कुणाचं ते ओळखायला आजींना बोलावून नेलं. झाकणावर नाव कोरलेली तेवढी सोपी गेली. एक ॲल्युमिनियमचं पातेलं कुणाचं ते शेवटपर्यंत कळलं नाही, ते अजून तिथंच आहे.

आजींच्या शेजारच्या त्या नव्या इमारतीच्या पुढच्या विंगमध्ये लोक राहायला आले आहेत. गेल्या दिवाळीत तिथून एक मुलगी पहिल्यांदाच ताट घेऊन आली: चकल्या, शंकरपाळे, दोन अनारसे, वर वर्तमानपत्राचा कागद. आजींनी ताट रिकामं केलं, घासलं, आणि मग अडल्या. नाताळला दोन महिने होते, घरात गोड काही नव्हतं. मागच्या वाडीतल्या राजेळी केळ्यांची सुकेळी तेवढी डब्यात होती. पानात बांधून सात-आठ ठेवली. ताट उघडं दिसू लागलं, म्हणून कपाटातला एक रुमाल काढून घातला.

नाताळला ते ताट पुन्हा आलं, तेव्हा त्यावर तोच रुमाल होता, इस्त्री केलेला.

“मी काही तो परत मागितला नव्हता,” आजी म्हणाल्या, आणि उद्यासाठी काढलेले चणे निवडू लागल्या.